डलहौसींचा किताब कसा खालसा झाला: ब्रिटिश उमरावांच्या वारशाची गोष्ट

डलहौसी हे नाव मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतं. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी मरणाआधी घेतलेलं दत्तक कंपनी सरकारने मानलं नाही आणि सातारा खालसा झालं. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य गेलं, झाशी गेली. औरस मुलगा नाही, मग राज्य नाही. इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट इथे थांबते. ती थोडी पुढे नेऊ या.

डिसेंबर १८६० मध्ये खुद्द डलहौसी वारले. मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये त्यांना ‘मार्क्वेस ऑफ डलहौसी’ हा किताब मिळाला होता. तो त्यांच्याबरोबर कायमचा संपला. मुलींना मिळाला नाही, जावयाला नाही, भाऊबंदांनाही नाही. पण याच माणसाकडे वाडवडिलांकडून आलेला आणखी एक किताब होता, ‘अर्ल ऑफ डलहौसी’. हा १६३३ चा, स्कॉटलंडमधला. तो मात्र संपला नाही. तो एका चुलत भावाकडे गेला आणि आजही त्या घराण्यात चालू आहे.

माणूस एक, मृत्यू एक, आणि दोन किताबांच्या दोन वेगळ्या वाटा. ब्रिटिश उमरावांच्या वंशावळीत नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो इथेच. आपण घराण्याचा वारसा शोधत बसतो आणि तिथे प्रत्येक किताबाचा वारसा स्वतंत्र असतो. किताब घराण्याच्या रक्तापेक्षा ज्या कागदावर तो दिला गेला त्या कागदाला जास्त बांधलेला असतो.

हा कागद म्हणजे राजाची सनद. राजा किंवा राणी एखाद्याला उमराव करते तेव्हा सनदेत दोन गोष्टी असतात: किताब कोणता, आणि या माणसानंतर तो कुणाकडे जायचा. दुसऱ्या गोष्टीला आपण वारसकलम म्हणू. बहुतेक सनदांचं वारसकलम एकाच साच्यातलं असतं: पहिल्या मानकऱ्याच्या पोटच्या, औरस, पुरुष वंशजांकडे. म्हणजे थोरला मुलगा, मग त्याचा थोरला मुलगा. थोरल्याची शाखा खुंटली तर धाकट्याची. वारस शोधताना नेहमी पहिल्या मानकऱ्यापर्यंत मागे जायचं आणि तिथून पुरुषांच्या रेघेने खाली उतरायचं. डलहौसी स्वतःच पहिले मार्क्वेस, त्यांना मुलगा नाही, म्हणजे खाली उतरायला रेघच नाही. अर्लपद मात्र दोन शतकांपूर्वीच्या पूर्वजाला मिळालेलं, त्याच्या झाडाला फांद्या पुष्कळ.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विचित्र वाटतं, कारण आपल्याकडची पाटीलकी, देशमुखी किंवा कुलकर्णी वतन भावाभावांत वाटलं जायचं. तक्षिमा पडायच्या, आणि मान कुणाचा यावर पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदकी चालायची. ब्रिटिश किताबाची तक्षीम होत नाही. एका वेळी एकच मानकरी, बाकीचे भाऊ कायद्याच्या नजरेत चक्क सामान्य रयत.

पायऱ्या पाच आहेत. वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. स्कॉटलंडमध्ये सर्वांत खालच्या पायरीला बॅरन न म्हणता नुसतं ‘लॉर्ड’ म्हणतात. ड्यूक सोडून बाकी चौघांनाही बोलताना ‘लॉर्ड अमुक’ असंच म्हणायची रीत आहे, त्यामुळे आपल्या जुन्या वर्तमानपत्रांत सगळेच लॉर्ड दिसतात. शिवाय किताब कोणत्या राज्याचा हेही महत्त्वाचं. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले, १८०१ पासून आयर्लंड त्यात आलं. त्याआधीचे इंग्लंडचे, स्कॉटलंडचे आणि आयर्लंडचे किताब वेगवेगळे मोजतात, आणि त्यांचे नियमही थोडे वेगळे असतात.

यातलं सगळ्यात मजेदार उदाहरण मुंबईच्या हार्बर लाइनवर आहे. रे रोड स्टेशनला ज्यांचं नाव आहे ते लॉर्ड रे १८८५ ते १८९० मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. पुण्याची महात्मा फुले मंडईसुद्धा आधी ‘रे मार्केट’ होती. हे गृहस्थ ‘अकरावे लॉर्ड रे’, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या मॅके घराण्याचे प्रमुख. आणि त्यांचा जन्म कुठला? नेदरलँड्समधल्या हेगचा. ते डच संसदेचे सभासदही राहिले होते.

झालं असं की ‘लॉर्ड रे’ हा किताब १६२८ चा. दुसऱ्या लॉर्डांचा एक धाकटा मुलगा डच सरकारच्या नोकरीतल्या स्कॉटिश पलटणीत गेला. त्याचे वंशज तिकडेच रुजले, डच बोलू लागले, डच सरदार झाले. इकडे स्कॉटलंडमध्ये थोरली शाखा चालू होती. १८७५ मध्ये नववे लॉर्ड रे अविवाहित वारले आणि थोरली शाखा संपली. मग रेघ मागे नेली, दुसऱ्या लॉर्डांपर्यंत, आणि तिथून खाली उतरली ती थेट हेगला. तिथले एक वयस्क डच मुत्सद्दी एका सकाळी दहावे लॉर्ड रे झाले. ते वर्षभरात वारले आणि त्यांचा मुलगा अकरावा. या मुलाने ब्रिटनमध्ये मुक्काम हलवला, १८७७ मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं आणि आठ वर्षांनी मुंबईला गव्हर्नर म्हणून आला.

मध्ये एक छोटी अडचण होती. स्कॉटलंडच्या जुन्या उमरावांना लंडनच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, आपोआप जागा नव्हती. त्यांनी आपल्यातले सोळा निवडून पाठवायचे, असा तह होता. म्हणून १८८१ मध्ये रे साहेबांना संयुक्त राज्याचं एक ताजं बॅरनपद देण्यात आलं. नाव तेच, रे. म्हणजे एकाच नावाचे दोन किताब एकाच डोक्यावर. १९२१ मध्ये ते निपुत्रिक वारले. नवं बॅरनपद तिथल्या तिथे संपलं, कारण त्याचं झाड त्यांच्यापासूनच सुरू झालेलं. जुना स्कॉटिश किताब पुन्हा समुद्र ओलांडून डच चुलत भावांकडे गेला.

त्याच १९२१ मध्ये मुंबईचे आणखी एक माजी गव्हर्नर वारले, लॉर्ड सँडहर्स्ट. प्लेगच्या काळातले, १८९५ ते १९०० मधले. सँडहर्स्ट रोड तो त्यांचाच. वडिलांना मिळालेलं बॅरनपद त्यांच्याकडे आलं होतं आणि १९१७ मध्ये ते स्वतः व्हायकाउंट झाले होते. मूलबाळ मागे नव्हतं. व्हायकाउंटपद गेलं. बॅरनपद भावाकडे गेलं, कारण भाऊही त्याच वडिलांचा मुलगा. डलहौसी, रे, सँडहर्स्ट, तिघांच्या बाबतीत हिशेब तोच: स्वतः कमावलेला किताब गेला, वाडवडिलांचा राहिला.

आता एल्फिन्स्टन. इथे आपल्याकडे कायम घोटाळा होतो. पुण्याचे रेसिडेंट, पेशवाई बुडवणारे आणि नंतर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे लॉर्ड नव्हतेच. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे ते धाकटे चिरंजीव, त्यामुळे नावामागे फक्त ‘ऑनरेबल’. एल्फिन्स्टन कॉलेज त्यांच्या नावाचं. किताब मिळाला थोरल्या भावाला आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाला. हा पुतण्या, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता आणि आता प्रभादेवी झालेल्या स्टेशनला नाव होतं ते त्याचं. काका वेगळा, पुतण्या वेगळा.

हिंदुस्थानात आलेले कितीतरी मोठे साहेब धाकटे मुलगेच होते, हे लक्षात घेतलं की कंपनीचा अर्धा इतिहास उलगडतो. घर, जमीन, किताब सगळं थोरल्याला. धाकट्याने लष्कर, चर्च, वकिली किंवा हिंदुस्थान गाठायचं. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली हा असाच, अर्ल ऑफ मॉर्निंग्टनच्या धाकट्या मुलांपैकी. थोरला भाऊ रिचर्ड तेव्हा गव्हर्नर जनरल आणि मार्क्वेस वेलस्ली. धाकटा पुढे नेपोलियनशी लढत लढत १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि मग मार्क्वेस, १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. रिचर्डला औरस मुलगा नव्हता, त्यामुळे त्याचं मार्क्वेसपद १८४२ मध्ये संपलं. वडिलांचं अर्लपद मधल्या भावाच्या शाखेकडे गेलं, ती शाखा १८६३ मध्ये खुंटली आणि ते पद वेलिंग्टनच्या मुलाकडे आलं. आज ते ड्यूकच्या अनेक किताबांच्या यादीत कुठेतरी खाली पडून आहे.

या यादीचा एक उपयोग असतो. ड्यूक जिवंत असेपर्यंत त्याचा थोरला मुलगा बापाचा दुय्यम किताब नुसता शिष्टाचार म्हणून वापरतो. वेलिंग्टनचा वारस ‘मार्क्वेस ऑफ डुरो’, मार्लबरोचा वारस ‘मार्क्वेस ऑफ ब्लँडफर्ड’. धाकटे मुलगे नावाआधी ‘लॉर्ड’ लावतात. दोन्हींना कायद्याने काही अर्थ नाही. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल आयुष्यभर लॉर्ड म्हणवले, पण बसायचे लोकप्रतिनिधींच्या सभागृहात, कारण ते सातव्या ड्यूक ऑफ मार्लबरोचे धाकटे मुलगे. त्यांचा मुलगा विन्स्टन तर साधा मिस्टर. तरी तो एकदा ड्यूक होता होता राहिला. नववा ड्यूक त्याचा चुलत भाऊ. त्याला मुलगा नव्हता तोवर, १८९५ मध्ये रँडॉल्फ वारल्यापासून १८९७ मध्ये त्या ड्यूकला मुलगा होईपर्यंत, पुढचा वारस विन्स्टन होता. ते बाळ जन्मलं नसतं तर १९४० मध्ये पंतप्रधानपदासाठी हा माणूस उपलब्ध असता का, याची चर्चा इंग्रज लोक चवीने करतात. जर-तरच्या गोष्टी मला फारशा रुचत नाहीत, पण ही रुचते.

मार्लबरोचं घराणं आणखी एका कारणाने बघण्यासारखं आहे. पहिला ड्यूक जॉन चर्चिल, ब्लेनहाइमची लढाई जिंकणारा. त्याचा एकुलता जगलेला मुलगा १७०३ मध्ये देवीने गेला. नेहमीचं वारसकलम असतं तर किताब संपलाच होता. पण त्याच्यासाठी संसदेने खास कायदा करून मुलींना आणि त्यांच्या वंशाला वारस ठरवलं. १७२२ मध्ये थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिच्यानंतर १७३३ मध्ये किताब तिच्या बहिणीच्या मुलाकडे गेला, ज्याचं आडनाव स्पेन्सर. म्हणजे आजचे मार्लबरो पुरुषांच्या रेघेने चर्चिल नाहीतच, स्पेन्सर आहेत. चर्चिल हे नाव १८१७ मध्ये मुद्दाम पुन्हा जोडून घेतलं. आणि तो स्पेन्सर ड्यूक झाल्यावर आल्थॉर्पची इस्टेट ज्या धाकट्या भावाकडे गेली, त्याच्या वंशात राजकन्या डायना जन्मली.

अशी सवलत आपल्या ओळखीच्या आणखी एकाला मिळाली. शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना दोन मुलीच. १९४६ मध्ये व्हायकाउंट आणि १९४७ मध्ये अर्ल करताना वारसकलमात मुलींची तरतूद केली गेली, म्हणून १९७९ मध्ये त्यांच्या हत्येनंतर थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. डलहौसींना हे मिळालं नव्हतं.

वारसकलमातला एखादा तुकडा गळला तर काय होतं? १५५३ मध्ये मेरी राणीने एडवर्ड कोर्टनी याला अर्ल ऑफ डेव्हन केलं. तीन वर्षांनी तो इटलीत पादुआला अविवाहित मेला. सगळ्यांनी किताब संपला असं धरलं. त्याचे दूरचे भाऊबंद डेव्हनमधल्या पाउडरहॅमच्या किल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या अर्लपदाशिवाय राहिले. पुढे कुणीतरी जुनी सनद नीट वाचली. त्यात ‘पुरुष वारसांकडे’ एवढंच होतं, ‘त्याच्या पोटच्या’ ही अट नव्हती. १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की अट नाही, तर कुठलाही पुरुष भाऊबंद चालेल. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत जे कोर्टनी घराण्याचे प्रमुख होऊन मेले, ते सगळे मरणोत्तर अर्ल ठरले. त्यांच्या थडग्यांवर अर्थातच काही लिहिलेलं नव्हतं.

बायकांच्या बाबतीत सगळीकडे दार बंद नव्हतं. इंग्लंडमधली काही फार जुनी बॅरनपदं सनदेने नव्हे, तर राजाने संसदेला बोलावणं पाठवल्यामुळे निर्माण झाली. त्यांना वारसकलमच नाही, म्हणून मुलगा नसेल तर मुलगी चालते. स्कॉटलंडचेही बरेच किताब मुलींकडे जातात. इंग्लंडच्या त्या जुन्या बॅरनपदांत अडचण मुलगी एकापेक्षा जास्त असल्यावर येते. थोरला मुलगा धाकट्याच्या पुढे असतो, पण मुली सगळ्या समान, आणि किताब तर वाटता येत नाही. मग तो कुणाचाच राहत नाही, टांगून ठेवतात. एक सोडून सगळ्या शाखा खुंटल्या किंवा राजाने एका वारसाला तो बहाल केला, तरच खाली येतो. ‘ग्रे ऑफ कॉडनर’ हे बॅरनपद १४९६ मध्ये असं टांगलं गेलं आणि १९८९ मध्ये खाली उतरलं. राजगादीसाठी २०१३ च्या कायद्याने मुलगा-मुलगी भेद काढला, पण किताबांना तो कायदा लागू नाही.

उमरावांच्या खाली एक पायरी आहे, बॅरोनेट. नावाआधी ‘सर’, वंशपरंपरागत, पण लॉर्ड्समध्ये जागा नाही. पहिल्या जेम्स राजाने १६११ मध्ये पैशांची चणचण भासल्यावर हा प्रकार काढला आणि १,०९५ पौंडांना विकायला ठेवला. फर्ग्युसन कॉलेजचे सर जेम्स फर्ग्युसन हे सहावे बॅरोनेट. आणि मुंबईने या प्रकारात स्वतःची भर घातली. १८५७ मध्ये जमशेटजी जीजीभॉय पहिले हिंदी बॅरोनेट झाले आणि कायद्यानेच असं ठरलं की पुढचा प्रत्येक मानकरी जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घेईल. वंशावळ लिहिणाऱ्याची यात जी दमछाक होते ती बघण्यासारखी. दिनशॉ पेटिट यांना १८९० मध्ये मिळालेलं पद दुसऱ्या मुलाच्या शाखेला दिलं गेलं. तो मुलगा आधीच वारल्याने १९०१ मध्ये नातू बॅरोनेट झाला आणि त्यानेही आजोबांचं नाव घेतलं. जिनांशी लग्न केलेली रत्ती याच दुसऱ्या दिनशॉंची मुलगी.

आता पुराव्याकडे. किताब आपोआप येतो हे खरं, पण सरकारदरबारी नाव लागायला जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले लागतात. २००४ पासून उमरावांची अधिकृत नोंदवही ठेवतात आणि तिच्यात नाव नसेल तर सरकारी कागदावर किताब लावता येत नाही. औरसपण इतकं महत्त्वाचं की लग्नाचा दाखला जन्मदाखल्याइतकाच कळीचा. दत्तक मुलाला आजही किताब मिळत नाही. २००४ पासून त्याला फक्त मुलाच्या शिष्टाचाराची उपाधी लावता येते, वारसा नाही.

लग्नाच्या या अटीने एका हिंदी घराण्याला अकरा वर्षं ताटकळत ठेवलं. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ झाले. (हे रायपूर बंगालमधल्या बीरभूमचं, छत्तीसगडचं नव्हे.) असा वंशपरंपरागत उमराव-किताब मिळालेले ते एकमेव हिंदी. १९२८ मध्ये ते वारले आणि मुलगा अरुणकुमार यांनी लॉर्ड्समधली जागा मागितली, तेव्हा प्रश्न निघाला: आईवडिलांचं लग्न हिंदू पद्धतीचं, त्या काळी हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येत होती, मग हे लग्न इंग्लिश कायद्याला चालेल का? सिन्हा दांपत्य पुढे ‘साधारण ब्राह्मो समाज’ नावाच्या पंथात गेलं होतं, जिथे एकपत्नीत्व बंधनकारक, हे दाखवल्यावर १९३९ मध्ये दावा मान्य झाला.

लबाडीची उदाहरणंही आहेत. टिचबोर्न घराण्याचा वारस रॉजर १८५४ मध्ये समुद्रात बुडाला. आईला ते पटेना, तिने जगभर जाहिराती दिल्या. ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावातून एक खाटीक पुढे आला, म्हणाला मीच रॉजर. आईने त्याला जवळ केलं! खटले चालले आणि १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. आज असा दावा आठवड्याभरात निकाली निघेल. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या प्रिंगल बॅरोनेटांच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने डीएनए चाचणी पुरावा म्हणून मान्य केली आणि शतकापूर्वीच्या एका पूर्वजाचं पितृत्व खोटं ठरून किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. वंशावळ छंद म्हणून जुळवणाऱ्यांनी या निकालानंतर थोडं जपूनच चाचण्या कराव्यात.

लॉर्ड स्वराज पॉल किंवा लॉर्ड मेघनाद देसाई यांची नावं या सगळ्यात का नाहीत, असं कुणी विचारेल. १९५८ च्या कायद्याने हयातीपुरते उमराव नेमायला सुरुवात झाली, हे दोघे त्यातले. त्यांच्या किताबाला पुढचं पान नसतं.

वंशपरंपरागत किताब मात्र नकोसा झाला तरी टाळता येत नसे. मजूर पक्षाचे टोनी बेन खासदार होते. १९६० मध्ये वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट वारले आणि थोरला भाऊ युद्धात गेलेला असल्याने किताब त्यांच्या गळ्यात पडला, खासदारकी गेली. पोटनिवडणूक जिंकूनही त्यांना सभागृहात बसू दिलं नाही. त्यांच्या लढ्यातून १९६३ चा कायदा झाला: मानकऱ्याला स्वतःपुरता किताब सोडता येतो. त्याच वर्षी अर्ल ऑफ होम पंतप्रधान झाले आणि लगेच या सोयीने त्यांनी आपलं अर्लपद सोडलं. पण सोडलेला किताब मरत नाही, मानकरी मरेपर्यंत झोपतो. २०१४ मध्ये बेन वारले आणि मुलगा स्टीफन तिसरा व्हायकाउंट झाला. तोवर १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकी सगळ्यांना लॉर्ड्समधून बाहेर काढलं होतं. त्या ९२ पैकी एक जागा रिकामी झाली तेव्हा, २०२१ मध्ये, हे चिरंजीव तिथे निवडून गेले. उरलेल्या या जागाही काढून टाकण्याचं विधेयक २०२४ मध्ये आणलं ते त्यांच्याच मजूर पक्षाच्या सरकारने. त्यात फक्त जागांचा प्रश्न होता. व्हायकाउंट स्टॅन्सगेट हा किताब १९४२ च्या सनदेवर चालतो, आणि त्या सनदेला कुणी हात लावलेला नाही.